भुशाच्या शेगडीवर दिलेला धूप

आधी ती शेगडी कशी आहे ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं म्हातारीची बडबड वाटेल.

काळी आहे. आडवं ठेवलेलं पिंप असावं तशी, चार पायांवर उभी. वर झाकण, आणि उजव्या अंगाला एक चौकोनी डबा चिकटवलेला. त्या डब्यात लाकडाच्या भुशाच्या कांड्या भरायच्या. बोटाच्या पेराएवढ्या, गुळगुळीत. मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला वाटलं गुरांचं पशुखाद्य आणलंय मुलाने. तर बटण दाबलं की आतला एक पेच फिरतो, थोड्या थोड्या कांड्या पोटातल्या लोखंडी वाटीत ढकलतो, तिथे एक सळई तापते, कांड्या पेटतात, आणि खालून पंखा वारा घालतो. आपण काही करायचं नाही. फुंकायचं नाही, काडी लावायची नाही. किती तापायचं तो आकडा सांगायचा आणि बाजूला व्हायचं. आग दिसतसुद्धा नाही, एका पत्र्याच्या खाली लपलेली असते. वरून नुसती लाकडाच्या धुराची ऊब.

मुलगा ती पुण्याहून गाडीत घालून घेऊन आला, आणि आला कधी, तर ऐन पितृपक्षात. मी दारातच म्हटलं, "अरे, या पंधरा दिवसांत नवी वस्तू घरात आणत नाहीत."

"विकत श्रावणात घेतली आहे, आई. आत्ता फक्त आलीय."

"आणि श्रावणात काय पुण्याच्या गॅलरीत बसून पूजा करत होती का?"

सून हसायला लागली. तिने आधीच त्याला सांगितलं होतं म्हणे, आई हेच म्हणतील.

आमचं घर उज्जैनच्या नानाखेड्याला, कॉलनीत. पुढे ओटला, मागे छोटं आंगण, आणि आंगणाच्या कोपऱ्यात विटांचा एक चौकोन. तो चौकोन यांनी मांडलेला. आमचे हे बँकेत होते. बदली होऊन उज्जैनला आले आणि मग दुसरीकडे जायचं नावच घेतलं नाही. शेजारच्या मालवी जीजींच्या यजमानांनी यांना बाफले, म्हणजे इकडच्या उकडून भाजलेल्या बाट्या, करायला शिकवले, आणि मग काय, गुरूपेक्षा चेला भारी. कणकेचे गोळे मी करायची, उकळत्या पाण्यात मी सोडायची, पण त्यानंतर माझा हात लागलेला चालायचा नाही. प्रत्येक बाफल्याच्या मध्ये हे स्वतः अंगठा दाबायचे, म्हणजे आतपर्यंत भाजला जातो. मग विटांच्या चौकोनात कंड्यांचा विस्तव. कंडे म्हणजे आपल्या गोवऱ्या, इकडे कंडेच म्हणतात. त्या निखाऱ्यांवर आणि मग राखेत बाफले. दर रविवारी. आख्ख्या गल्लीत धूर. धुरात वाकून फुंकणारा बँकेचा ऑफिसर, बनियन राखेने माखलेलं.

यांचा अंगठा रुंद होता. तरुणपणी स्कूटरच्या स्टँडखाली सापडला होता, त्यामुळे नख एका बाजूने दबलेलं. बाफल्यावर तो ठसा उमटायचा, एका अंगाला जरा तिरपा. हे गेल्यापासून अंगठा कुणी दाबत नाही. सुरीने वर फुलीसारखी चीर देते. काम तेच होतं.

मग फुप्फुसांचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी बरीच कारणं सांगितली, त्यात धूरही होता. मुलाने तेवढंच एक ऐकलं. पुढच्या वेळी आला तेव्हा कोठीतले सगळे कंडे पोत्यात भरून देऊन टाकले. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. दोन वर्षं ते मशीन आमच्या मधल्या खोलीत चालू होतं. घुंऽऽ करायचं, मग मध्येच खर्र, आणि मग फुस्स. घुंऽऽ, खर्र, फुस्स. मी त्या आवाजात स्वयंपाक केला, त्या आवाजात झोपले. लाइट गेली की मशीन बंद, मग धावत जाऊन नळी सिलेंडरला जोडायची. आणि लाइट आली की एक क्षण न घालवता पुन्हा बटण दाबायचं. माझ्या हाताला ते इतकं बसलं होतं की पंखा सुरू झाल्याचा आवाज कानावर पडायच्या आत बोट बटणावर असायचं.

आता सांगायचं ते सांगते. शेवटच्या दिवशी सकाळी यांनी नाकावरची नळी जरा बाजूला केली आणि म्हणाले, "एक बाफला भाजून दे. कंड्यावर."

मी रात्रभर जागी होते. मी म्हटलं, "त्या धुरानेच तर हे दिवस दाखवले. गप्प पडा आता."

दुपारी बारा-साडेबाराला हे गेले. मध्ये आम्ही दुसरं काही बोललो नाही. म्हणजे माझं यांच्याशी शेवटचं बोलणं ते.

हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मुलालासुद्धा नाही.

आता इकडची एक रीत आहे, ती सांगायला हवी. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवायची वाट बघतात ना, तसं माळव्यात धूप देतात. श्राद्धाला, अमावास्येला, निखारे झालेल्या कंड्यावर तूप आणि गूळ घालायचा, गेलेल्या माणसाचं नाव मनात घ्यायचं आणि थांबायचं. नुसता धूर झाला तर अजून घेतलं नाही. आपोआप ज्योत उठली की घेतलं. मग ओंजळीत पाणी घेऊन त्याभोवती फिरवायचं, झालं. मी लग्न होऊन आले तेव्हा जीजींनी मला हे शिकवलं. सासूबाईंचा धूप, सासऱ्यांचा धूप, सगळे भराभर उठायचे. सासूबाई तर तूप पडायच्या आत. हे म्हणायचे, "आईला जिवंतपणी पण जेवायची घाई असायची."

यांचा उठला नाही. वर्षश्राद्धाला नाही, पुढच्या पितृपक्षात नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. जीजी त्यांच्याकडचे सुके खडखडीत कंडे द्यायच्या, तूप घरचं असायचं, आणि नुसता धूर. काळा, जमिनीलगत सरपटणारा धूर. तुपाचा चमचा संपायचा, वाटी संपायची. मी पाणी हातात घेऊन बसलेली असायची. एकदा तर धूर माझ्या पायांभोवती आला आणि तिथेच थांबला. वारा होता, पण तो हलेना.

मुलगा तीन वर्षं म्हणत होता, घर बंद कर, पुण्याला चल. मी म्हणायची, "तुझ्या बाबांनी धूप घेतला की येते. त्यांना असं उपाशी सोडून कुठे जाऊ?" त्याला वाटायचं आईचा बहाणा आहे. बहाणा नव्हता. माणूस रागावून बसलेला असताना घराला कुलूप घालून निघून जाता येतं का?

तर आता ती शेगडी. दशमी ही यांची तिथी, त्याच्या दोन दिवस आधी मुलगा आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. "बाबांना बाफले आवडायचे, तर तिथीला बाफले कर. लाकडाची चव येईल, घरात धूर नाही, कंडे नाहीत." आणि आंगणात, बरोबर त्या विटांच्या चौकोनाशेजारी त्याने ती उभी केली. बाहेरच्या बोर्डातून वायर लावली. मी आत डाळ निवडत होते.

आणि आवाज आला. घुंऽऽ. मग खर्र. मग फुस्स.

माझ्या हातातून ताट पडलं. डाळ सगळ्या फरशीवर. मी उठून आधी मधल्या खोलीत गेले, आंगणात नाही. मधल्या खोलीत, पलंगापाशी. पलंगावर धुतलेले कपडे पडले होते. मी तिथे उभी राहिले, आणि आवाज मागून येत होता.

सून धावत आली. "आई, काय झालं?"

"ते बंद करायला सांग."

मुलाने बटण बंद केलं. आवाज चालूच. घुंऽऽ, फुस्स. मी आंगणात जाऊन म्हटलं, "बंद कर म्हटलं ना."

"केलंय, आई. बंद केल्यावर पंखा दहा मिनिटं चालतो. आत राहिलेलं सगळं जाळून टाकतो, मग थांबतो."

"बंद केल्यावरही श्वास घेतं?"

मग त्यालाही कळलं असावं, तो आवाज त्यानेही ऐकला होता की दोन वर्षं, येता-जाता, फोनवर. त्याने हळूच वायर ओढली. पण सून म्हणाली, असं मध्येच ओढायचं नाही लिहिलंय पुस्तकात, तर त्याने परत लावली. आम्ही तिघं त्या ऊन पडलेल्या आंगणात उभे राहून ते थांबायची वाट बघत होतो. थांबलं तेव्हा शेवटचा फुस्स जरा लांबला.

दशमीला सकाळी गुरुजी तर्पण करवून गेले. वडे, खीर, आमटी, सगळं श्राद्धाचं झालं, आणि बाफल्यांची कणीकही. बाफले उकळून, चीर देऊन मी तयार ठेवले. अडचण धुपाची होती. आदला दिवसभर आणि रात्रभर पाऊस लागून राहिला होता, त्या सकाळीच उघडला. जीजी भिंतीवरून म्हणाल्या, "बहू, म्हारे कंडे तो सब गीले हो गए. धुआँ ही धुआँ होगा." आणि मुलगा कंड्यांचं नाव काढू देत नव्हता.

मुलाने शेगडी चालू केली, आकडा लावला, बाफले जाळीवर मांडले. मला बजावलं, "आई, यात वरून तूप घालायचं नाही हं. खाली आग आहे, भडकेल."

"बरं."

"बरं नाही. मी दही आणतो आणि गायीचं पान ठेवून येतो, तोवर झाकणाला हात लावू नकोस."

"अरे, चाळीस वर्षं चूल बघितली आहे मी."

"ही चूल नाही ना, म्हणून सांगतोय."

तो गेला. सून वर गच्चीवर काकबळी ठेवायला गेली. घड्याळात बारा वाजत होते. भर दुपारी आमच्या गल्लीत माणूस दिसत नाही, कुत्रंसुद्धा गाड्यांच्या खाली जाऊन पडतं. पावसानंतरचं ते पांढरं ऊन. सगळं चिडीचूप. फक्त ते मशीन, घुंऽऽ, खर्र, फुस्स.

मला वाटलं, यांची वेळ टळतेय. आग ती आग. लाकडाचीच आहे. मी तुपाची वाटी आणि गुळाचा खडा घेऊन आले, झाकण उघडलं आणि जाळीच्या एका कोपऱ्यातून, खालच्या पत्र्यावर तूप सोडलं. वर गूळ. मनात म्हटलं, घ्या. रागावू नका आता, घ्या.

तूप तडतडलं आणि धूर झाला. नुसता धूर. मी आणखी सोडलं. वाटी संपली. तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन मी उभी, आणि बोटांतून पाणी गळून गेलं तरी ज्योत नाही. झाकण टाकलं.

आणि लाइट गेली.

आकडे विझले. पंखा थांबला. घुंऽऽ मध्येच तुटलं. मी तुम्हाला सांगते, आवाज आल्यावर मी जितकी घाबरले नव्हते तितकी तो गेल्यावर घाबरले. तीन वर्षांपूर्वीची सगळी दुपार माझ्या अंगावर आली. माझे पाय सिलेंडरकडे निघालेसुद्धा. सिलेंडर केव्हाच परत गेलेला. मी दारापर्यंत गेले आणि परत आले. शेगडीच्या कडांतून धूर बाहेर येत होता, डब्याच्या बाजूनेसुद्धा, हळूहळू, जणू आत कुणी श्वास कोंडून बसलंय आणि ओठांतून थोडा थोडा सोडतंय.

पाच मिनिटं गेली असतील. मग वरच्या खोलीतला पंखा फिरल्याचा आवाज आला, लाइट आली, आणि माझं बोट बटणावर होतं. मी ठरवलं नव्हतं. हाताने केलं.

घुंऽऽ. खर्र, खर्र, खर्र. या वेळी थांबेचना, कांड्या पडतच राहिल्या. झाकणाच्या फटींतून पांढरा धूर निघाला, दाट, दुधासारखा, आणि तो वर गेलाच नाही. आंगणात माझ्या उंचीएवढा उभा राहिला. मला भिंत दिसेना, जीजींचं घर दिसेना. त्या पांढऱ्यात तो श्वास चालू होता आणि मला एवढंच वाटलं की मी आता काही बोलले तर उत्तर येईल.

मी म्हटलं, "मी चुकले हो."

धप्प झालं. झाकण आपोआप वर उडालं आणि आतून ज्योत आली. माणसाएवढी. आणि ती वर नाही गेली. माझ्याकडे वाकली. मी मागे झाले तेव्हा केसांचा वास आला. डावी भुवई गेली, मनगटावरचे केस गेले. मी खाली बसलेली होते आणि हातात पाण्याचा तांब्या होता, तो मी त्या शेगडीभोवती जमिनीवर गोल फिरवला. ते पण हातानेच केलं. ज्योत बसली.

मुलगा फाटकातून धावत आला, सून जिन्यावरून. वायर ओढली, मला उचलून ओटल्यावर बसवलं, हातावर पाणी ओतलं. सून रडत होती. मुलगा रडला नाही, चिडला.

"लाइट गेली तेव्हा वाटीत कांड्या तशाच साठलेल्या, गरम. त्यावर तू परत चालू केलंस, आणखी पडल्या. त्यात तुझं तूप. सगळं एकदम पेटलं. पुस्तकात लिहिलंय हे, आई. पहिल्याच पानावर."

तो म्हणाला ते खरंच असेल. मी नाही म्हणत नाही.

इतक्यात भिंतीवर जीजींचं डोकं. त्यांनी धप्प ऐकलं होतं. पण विचारलं काय, तर, "लौ उठी कि नी?"

"उठी, जीजी."

त्यांनी हात जोडले. मग म्हणाल्या, "सीधी थी कि झुकी हुई?"

त्यांच्या सासूचं म्हणणं त्यांनी मला पूर्वी सांगितलेलं होतं. सरळ ज्योत म्हणजे तृप्त. देणाऱ्याकडे झुकलेली म्हणजे माणूस अजून काहीतरी मागतोय.

मी म्हटलं, "सीधी."

त्यांनी माझ्या भुवईकडे बघितलं आणि खाली उतरल्या.

दुपारी जेवण झालं. बाफले कोळसा झाले होते, वडे होते. मुलगा शांत झाल्यावर म्हणाला, "आता तरी चल. असं एकटीला इथे ठेवून मी जाणार नाही."

"का? तुझ्या म्हणण्यानुसार तर ज्योत उठलीच नाही. कांड्या पेटल्या. मग मी कशाला येऊ?"

सुनेने त्याला कोपराने ढोसलं. मग तो म्हणाला, "बरं. बाबाच होते."

"असं पापड मोडल्यासारखं काय म्हणतोस. नीट म्हण."

"बाबाच होते, आई. घेतला त्यांनी धूप. येशील ना?"

मला हसू यायला हवं होतं. मी हो म्हटलं. त्याने लगेच दिवाळीनंतरचं ठरवून टाकलं, ऑफिसातून सुट्टी वाढवून सामान आवरायला बसला, सूनही भांडी कागदात गुंडाळायला लागली. आणि मी प्रत्येक वस्तू उचलताना हेच मनात, मी खोटं बोलले. ज्योत झुकली होती.

दुसऱ्या दिवशी बाराला मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी होते. वायर काढून शेगडीच्या पायाला गुंडाळलेली, मी स्वतः गुंडाळली होती. आणि आंगणातून आवाज आला. फुस्स. एकदाच, लांब. वारा पोकळ लोखंडात शिरला की होतो तसा आवाज, मला माहीत आहे. पण त्यापुढच्या दिवशीही बारालाच. त्याच्याही पुढच्या. वारा काय घड्याळ बांधून येतो? मी बघायला गेले नाही. सून म्हणाली, "आई, तुम्ही बाराला स्वयंपाकघरात का थांबत नाही हल्ली?" मी म्हटलं, उकडतं.

सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी मी मुलाला ओटल्यावर बसवलं आणि सांगितलं. ज्योत झुकल्याचं, मी जीजींशी खोटं बोलल्याचं, आणि तिथवर आल्यावर मग ते दुसरंही. बाफला मागितल्याचं. मी काय म्हटलं ते, शब्दाला शब्द.

तो बराच वेळ पायातल्या चपलेचा अंगठा वाकवत बसला. मला वाटलं आता म्हणेल, तुझ्या मनाचे खेळ आहेत. तो म्हणाला, "मला पण मागितला होता. आदल्या दिवशी, फोनवर. म्हणाले, आईला सांग, तुझं ऐकते ती."

"मग?"

"मी म्हटलं, हट्ट करू नका, बाबा. आणि फोन ठेवला." मग म्हणाला, "मीटिंग होती."

आम्ही दोघं बसून राहिलो. मग तो उठला आणि भिंतीपाशी जाऊन हाक मारली, "जीजी, कंडे सूखे क्या?"

"कितरे चइये?" किती हवेत, एवढंच; कशाला, ते जीजींनी विचारलंच नाही. टोपली आधीच भरलेली असावी, इतक्या चटकन भिंतीवर आली.

ज्या मुलाने घरातला प्रत्येक कंडा पोत्यात भरून हाकलला होता, तो विटांच्या चौकोनात उकिडवा बसून कंडे रचत होता. त्याला येत नव्हतं. पहिल्यांदा विझले. मी शिकवायला गेले तर म्हणाला, "तू बस. करतो मी." आणि वाकून फुंकायला लागला. धूर नाकातोंडात जाऊन खोकला, डोळे लाल, पण उठला नाही. सून दारात उभी होती, तिला मी म्हटलं, एकच गोळा करू या. एकच करायचाय. मी गोळा केला, उकळला, पुसला, सुरीने फुली मारली. सून बघत होती. फुलीच मारली.

बाराच्या सुमाराला निखारे झाले. मुलाने चिमट्याने बाफला आत ठेवला, वर राख ओढली, राखेवर दोन निखारे. आम्ही तिघंही तिथून हललो नाही. शेजारी ती शेगडी उभी होती. मी कान देऊन होते. बारा वाजले, बारा वाजून गेले. ती गप्प.

मुलाने राख उकरली, बाफला बाहेर काढला आणि विटेवर दोनदा आपटला, राख झाडायला. बाबांना बघितलं असणार लहानपणी, नाहीतर हे कोण शिकवतं. मग ताटलीत ठेवला.

फुली उमलली होती, भाजल्यावर उमलते तशी. आणि फुलीच्या बरोबर मध्ये खळगा होता. रुंद, गोल, एका अंगाला जरा तिरपा.

वरचा निखारा दाबला गेला असेल. किंवा चाळीस वर्षं बघितलेलं, मीच दाबला असेल न कळता. पण मी यापूर्वी कधी दाबत नव्हते, ते काम माझं नव्हतंच. सून म्हणाली, "आई, तुम्ही नाही हो..." आणि थांबली.

मुलाने आपला अंगठा त्या खळग्यात ठेवून बघितला. बाफला चटका बसेल इतका गरम होता, तरी ठेवला. आजूबाजूला जागा उरली.

मग मी बाफला फोडला, तुपात बुडवला, पहिला घास गुळाबरोबर निखाऱ्यांवर ठेवला, आणि डोळे मिटून पाणी फिरवलं. ज्योत उठली का, कुठे झुकली, मी पाहिलं नाही. डोळे उघडले तेव्हा घास तिथे नव्हता आणि निखारे नुसते लाल होते. मुलाने पाहिलं असणार, त्याचे डोळे उघडे होते. मी त्याला विचारलं नाही. आजवर त्यानेही सांगितलेलं नाही. फक्त उठताना म्हणाला, "चल आई, जेवून घेऊ. आता काही राहिलं नाही."

उरलेला बाफला आम्ही तिघांनी वाटून खाल्ला. खळग्याचा तुकडा मुलाला दिला.

दिवाळी झाली की निघायचं. घरात आता खोकीच खोकी आहेत, मी त्यातल्याच एकावर बसून हे लिहितेय. शेगडी पुण्याला जाईल, नवव्या मजल्याच्या गॅलरीत. बाराला ती अजून तरी गप्प असते, मी रोज बघते. जीजींच्या टोपलीतले दोन कंडे उरले होते. परत द्यायला गेले तर म्हणाल्या, "रख ले, बहू. वहाँ कौन देगा." ते मी जुन्या लुगड्यात गुंडाळून साड्यांच्या पेटीत तळाशी ठेवलेत. मुलाला अजून सांगितलं नाही.